नागपूरहून सागरी विज्ञानाकडे: एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेत, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेली. नीटची तयारी मध्येच थांबवून आता ‘मरीन बायॉलॉजी’च करायची म्हणते. घर नागपुरात मानेवाड्याला, घरात समुद्राशी कुणाचा संबंध नाही. वडील विचारतात: हे शिकायचं कुठे, शिकून पोट भरतं का, आणि पोरीला पोहता येत नाही, ते चालतं का?

भाऊ, आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी नागपूरचीच. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. इथेच केलं, एम.एस्सी.साठी कोचीला गेले, पुढे गोव्यात समुद्राच्या पाण्याच्या रसायनशास्त्रावर पीएच.डी. केली आणि बावीस वर्षं त्याच कामात राहिले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकविसाव्या वर्षी, एम.एस्सी.च्या प्रवेशाला गेले तेव्हा. तुमच्या नातेवाइकांसारखंच माझ्या वडिलांनाही लोक म्हणायचे, ‘इथं फुटाळा तलाव, पोरीला कशाला पाहिजे समुद्र?’

तुमच्या लेकीला सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे. बारावीनंतर लगेच ‘मरीन’ नाव असलेली पदवी शोधत फिरू नका. सागरी विज्ञान हा मुळात एक स्वतंत्र विषय नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूशास्त्र हे विषय समुद्रावर नेऊन लावायचे, हेच ते शास्त्र. ज्याचा यांतला एक विषय पक्का आहे त्याला समुद्र दोन-तीन वर्षांत शिकवता येतो. पाया कच्चा असलेल्याला जहाजावर नेऊन पाया शिकवता येत नाही. आणि तो पाया घालायला नागपूर उत्तम गाव आहे.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, हे पटावं म्हणून एक प्रसंग सांगते.

माझ्या पहिल्या सफरीत माझ्याकडे अरबी समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं काम होतं. जहाजावरून तारेला बांधलेली एक जड चौकट खाली सोडतात. तिच्यात तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं यंत्र असतं, त्याला सगळे सीटीडी म्हणतात, आणि भोवती गोलाकार मोठ्या बाटल्या. हव्या त्या खोलीला वरून इशारा दिला की एकेक बाटली मिटते. चौकट वर आली की सगळ्यांत आधी ऑक्सिजनचा नमुना काढायचा, कारण हवा लागली की आकडा बिघडतो. काचेच्या छोट्या बाटलीत एकही बुडबुडा न ठेवता पाणी भरायचं, त्यात मँगनीज क्लोराईड आणि अल्कलीयुक्त आयोडाईड सोडायचं, बूच लावून हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. मग आम्ल घातलं की आयोडीन सुटतं, त्याचं थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, म्हणजे थायोसल्फेट थेंबाथेंबाने घालत जायचं. स्टार्च टाकल्यावर आलेला निळा रंग ज्या थेंबाला जातो, तिथे थांबायचं.

पृष्ठभागाजवळच्या बाटल्या गडद तपकिरी झाल्या. शंभर मीटरच्या पुढे रंग उतरत गेला. तीनशे मीटरची बाटली हलवली आणि साका पांढरा आला. मला वाटलं, घाईत काहीतरी चुकलं. त्याच खोलीचा दुसरा नमुना घेतला, तोही पांढरा. रात्रीचे दोन वाजले होते, हात थरथरत होते. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या सरांनी बाटली दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, ‘चुकलं काही नाही. इथे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच.’

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत असा ऑक्सिजन संपत आलेला पाण्याचा थर आहे. जगाच्या खुल्या महासागरांत एवढे मोठे पट्टे तीनच, उरलेले दोन पॅसिफिकच्या पूर्वेकडे. वरच्या उजेडातल्या पाण्यात अमाप सूक्ष्म वनस्पती वाढतात, मरून खाली बसतात, त्यांना कुजवताना जीवाणू ऑक्सिजन संपवतात. ऑक्सिजन संपला की ते नायट्रेट वापरायला लागतात आणि त्यातून नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. म्हणजे सागरी वनस्पतींचं खतच समुद्रातून कमी होतं. सोबत नायट्रस ऑक्साईड तयार होतो, आणि तो कार्बन डायऑक्साईडपेक्षा कितीतरी तीव्र हरितगृह वायू आहे. त्या पांढऱ्या साक्यामागे एवढी गोष्ट होती, आणि पुढची पंधरा वर्षं मी तिच्याच मागे होते.

आता बघा, तो प्रयोग विंकलरने 1888 मध्ये दिला. आयोडीन-थायोसल्फेटचं टायट्रेशन मी नागपुरात बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत इतक्या वेळा केलं होतं की डोलणाऱ्या जहाजावरही माझा हात चुकला नाही. अंबाझरी तलावाच्या किंवा नाग नदीच्या पाण्यातला ऑक्सिजनही याच पद्धतीने मोजतात. तुमची मुलगी कॉलेजातल्या बाईंच्या परवानगीने हे एका पावसाळ्यात करू शकते: दर पंधरा दिवसांनी एकाच जागेचा नमुना, वरचा आणि तळाचा. एम.एस्सी.च्या मुलाखतीत अशी हाताने भरलेली वही चांगल्या टक्क्यांइतकंच बोलते. मी मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून खात्रीने सांगते.

आणि नागपूरचा समुद्राशी संबंध नाही, हेही खरं नाही. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा पुढे वर्धेसोबत प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आपल्या काळ्या मातीचे बारीक चिकणकण त्या वाटेने समुद्रतळावर जाऊन थरावर थर बसतात. गोदावरीच्या मुखासमोर तळातून गाळाचा नळकांडीसारखा लांब नमुना काढला, तर हजारो वर्षांत दख्खनवर पाऊस कसा बदलला हे त्यात वाचता येतं. सागरी भूशास्त्रात माणसं हेच करतात. ज्याला मातीतली खनिजं ओळखता येतात, त्याला हा गाळ परका वाटत नाही. आणि मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आपल्या अमरावती रोडला आहे.

पावसाचंही तेच. विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये झड लागते ती बहुतेकदा बंगालच्या उपसागरातून उठलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे. गंगा-ब्रह्मपुत्रेचं आणि पावसाचं गोडं पाणी तिथे समुद्रावर हलकी चादर धरतं, वाऱ्याने ते खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून पृष्ठभाग 28 अंशांच्या वर तापलेला राहतो आणि तिथे कमी दाबाचे पट्टे एकामागून एक तयार होतात. ही भौतिक समुद्रविज्ञानाची गोष्ट. सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून आपल्याला जो अंदाज मिळतो, त्याच्या मुळाशी समुद्रावरची निरीक्षणं असतात.

तर शिक्षण. पोरीने गणित सोडलं नाही, हे फार चांगलं केलं. तिला सांगा, पदवीपर्यंत ते शक्य तेवढं धरून ठेव. जीवशास्त्राकडे जाणाऱ्यालासुद्धा आज सांख्यिकी आणि थोडं प्रोग्रॅमिंग लागतंच. बी.एस्सी. नागपुरात करावं, चांगली प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजात. जीवशास्त्र आवडत असेल तर प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र, सोबत रसायनशास्त्र. मरीन बायॉलॉजी म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर डॉल्फिन आणि प्रवाळ येतात. ते आहेच, पण या क्षेत्रातले बहुतेक दिवस प्लवकांसोबत जातात. हे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायचे. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मं काम यांच्यातल्या वनस्पती करतात. दिवसभर मान खाली घालून मोजण्यात जिचं मन रमतं, तिच्यासाठी हा विषय आहे. तिला खरंच रमतं का, ते तलावाच्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन आजच बघता येईल.

एम.एस्सी.साठी मात्र किनाऱ्यावर जावं. कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे कुसॅट, हे या विषयाचं जुनं आणि मोठं घर. भौतिक, रासायनिक, जैविक आणि भूशास्त्रीय अशा चारही शाखा तिथे आहेत आणि प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून होतो. गोवा विद्यापीठ महाराष्ट्राच्या मुलांना जवळचं, शेजारीच दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था असल्याने प्रकल्पाची सोय चांगली. अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र परंगीपेट्टईला वेल्लार नदीच्या मुखाजवळ आहे. खाडीतले जीव शिकायचे तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. पाँडिचेरी विद्यापीठाचा सागरी विभाग पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) आहे, तिथे प्रवाळ दाराशी. आणि आपल्याला रेल्वेने सोयीचं म्हणजे विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ. तिथे हवामान आणि समुद्रविज्ञान एकत्र शिकवण्याची परंपरा आहे. इंजिनीअरिंगकडे वळली, तर आयआयटी मद्रास आणि खरगपूर इथे ओशन इंजिनीअरिंग आहे, पण तो रस्ता जेईईतून जातो.

एक पर्याय लोक विसरतात, तो आपल्या गावातच आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात, आणि त्याचं मत्स्यविज्ञान महाविद्यालयही इथे. बी.एफ.एस्सी. ही चार वर्षांची व्यावसायिक पदवी. तीत मत्स्यपालन, माशांचे रोग, खाद्य, प्रक्रिया, जाळी आणि नौका सगळं येतं. शुद्ध संशोधनापेक्षा पोटापाण्याची वाट इथे लवकर सापडते: राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातली पदं, बँकांतली कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची भरती, कोळंबी आणि मत्स्यबीज केंद्रं, खाद्य कंपन्या. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर आपले ढीवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात, त्यांच्यासोबत काम करायचं असेल तर हीच पदवी. आणि पुढे समुद्राकडे जावंसं वाटलं तर मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था एम.एफ.एस्सी.साठी आहे. घरची परिस्थिती बेताची असेल आणि लवकर कमावणं भाग असेल, तर मी हा रस्ता आधी सुचवीन.

एका गोष्टीपासून सावध राहा. ‘मरीन’ या शब्दाखाली दोन वेगळ्या दुनिया येतात. मर्चंट नेव्ही आणि मरीन इंजिनीअरिंग म्हणजे जहाज चालवणं आणि त्याचं इंजिन सांभाळणं. चांगला पेशा आहे, पण तो विज्ञानाचा नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाने एका खासगी संस्थेची ‘मरीन सायन्स’ची जाहिरात बघून मोठी फी भरली आणि प्रत्यक्षात जहाजावरच्या कामाचा जुजबी अभ्यासक्रम हाती आला. त्याची दोन वर्षं गेली. अभ्यासक्रम कुठल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचा आहे आणि आदल्या वर्षीची मुलं पुढे कुठे गेली, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका.

आता नोकरी. इथे मी गोड बोलणार नाही.

संशोधनाची वाट लांब आहे. बी.एस्सी. तीन किंवा चार वर्षं, एम.एस्सी. दोन, पीएच.डी. पाच-सहा. नेट या पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि घरभाडं, नंतर 42,000. सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा वेगळा पेपर आहे, किंवा तिने आपल्या मूळ विषयाचा द्यावा. शास्त्रज्ञ म्हणून कायम जागा मिळाली तर पगार उत्तम. सीएसआयआरमध्ये सुरुवातच 67,700 च्या मूळ वेतनाने होते. पण जागा मोजक्या निघतात आणि मधली काही वर्षं प्रकल्पावरच्या कंत्राटी नेमणुकांत जातात. माझ्या बरोबरीच्या दोन अतिशय हुशार मैत्रिणी याच टप्प्यावर बाहेर पडल्या. कारण अभ्यास नव्हता. तिशी जवळ आली, कायम नोकरी नाही, आणि घरून लग्नाची घाई. म्हणून भाऊ, तुम्हाला विनंती आहे, हा विषय आत्ताच घरात बोलून घ्या. ती अठ्ठाविसाव्या वर्षी प्रकल्पावर असेल तेव्हा तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे आजच ठरवा.

संशोधनाच्या बाहेरही बरीच कामं आहेत आणि त्यांची चर्चा कमी होते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून मासे कुठे असण्याची शक्यता आहे याचा सल्ला मासेमारांना देते. त्सुनामीच्या इशाऱ्याचं केंद्रही तिथेच 2007 पासून चालतं. हैदराबादलाही समुद्र नाही, हे तुमच्या नातेवाइकांना जरूर सांगा. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था उपकरणं आणि पाणबुड्या बनवते. वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती ही ठाणी सांभाळतं. बंदर, जेट्टी, वीज प्रकल्प किंवा सांडपाण्याची समुद्रात सोडलेली वाहिनी, काहीही करायचं तर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते आणि पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास लागतो. तो करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना सागरी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची माणसं हवी असतात. आपल्या नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्थासुद्धा असे अभ्यास करते. खारफुटीसाठी महाराष्ट्राचं मँग्रोव्ह फाउंडेशन आहे. समुद्रतळाचं सर्वेक्षण करणाऱ्या, तेलविहिरी आणि गाळ उपसण्याच्या कंपन्या भूशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या मुलांना घेतात, पगार चांगला असतो, पण महिनोन्‌महिने घराबाहेर राहावं लागतं.

पुढच्या दहा वर्षांत माणसं लागतील अशी मला दिसणारी एक जागा म्हणजे खोल समुद्र. हिंदी महासागराच्या मध्यभागी, पाच हजार मीटरच्या आसपास खोलीवर, बटाट्याएवढे धातूंचे गोळे तळावर पसरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट असतं. मनसर आणि गुमगावच्या खाणींमुळे मँगनीज नागपूरकरांना नवं नाही, मँगनीज काढणाऱ्या मॉयल या सरकारी कंपनीचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. समुद्रातल्या त्या 75,000 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यावर भारताला शोधाचे हक्क आहेत आणि 2021 मध्ये मंजूर झालेल्या डीप ओशन मिशनमध्ये तिघांना 6,000 मीटर खाली नेणारी ‘मत्स्य 6000’ ही पाणबुडी तयार होते आहे. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. एकदा उचलले की गेले, आणि त्यांच्यावर जगणारे जीवही गेले. उपसा सुरू व्हायच्या आधी तिथे काय जगतं हे नीट नोंदलं गेलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ती नोंद करायला प्राण्यांचं वर्गीकरण पक्कं येणारी माणसं हवीत आणि ती देशात फार थोडी उरली आहेत. तुमच्या लेकीला प्राणिशास्त्र आवडत असेल तर वर्गीकरण मनापासून शिकायला सांगा. आज कुणी फारसं वळत नाही तिकडे, म्हणूनच.

दुसरी जागा माहितीच्या विश्लेषणाची. जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार आर्गो तरंगी यंत्रं फिरत असतात. दर दहा दिवसांनी 2,000 मीटर खोलीपासून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहाला पाठवतात. ही सगळी माहिती कुणालाही फुकट मिळते. मानेवाड्यात बसून, साध्या लॅपटॉपवर, बंगालच्या उपसागरातल्या एका यंत्राचा वर्षभराचा आलेख काढता येतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत तिने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून हे एकदा करावं.

जहाजावरच्या आयुष्याबद्दल तिच्या आईला काळजी असेल. पहिले तीन दिवस बहुतेकांना मळमळतं, उलट्या होतात, मग शरीर सरावतं. काहींचं कधीच सरावत नाही, तेही किनाऱ्यावर आणि प्रयोगशाळेत उत्तम काम करतात. वर्षातून एखादा महिना समुद्रावर आणि उरलेले प्रयोगशाळेत, हे साधारण प्रमाण. मुलींना जहाजावर जागा नसते, हे जुनं झालं. अदिती पंत या नागपुरात जन्मलेल्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या काम करत होत्या आणि 1983 च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर गेल्या, भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्तांसोबत. भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोचलेल्या पहिल्या दोन महिलांतली एक आपल्या गावात जन्मलेली आहे. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, तुमच्या लेकीला तुम्ही सांगा.

राहिलं पोहणं. खोल समुद्रातल्या जहाजावर पोहावं लागत नाही, तिथे सुरक्षा कवायत आणि लाइफ जॅकेट नीट घालता येणं महत्त्वाचं. किनाऱ्यावर नमुने गोळा करताना पोहण्यापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायची सवय जास्त उपयोगी पडते. पण प्रवाळ किंवा समुद्री गवतावर काम करायचं तर डुबकी आलीच पाहिजे, आणि स्कूबाच्या प्रशिक्षणाला पोहणं लागतं. म्हणून बारावीची परीक्षा झाली की नागपुरातल्या एखाद्या जलतरण तलावावर तिचं नाव घाला. मी बाविसाव्या वर्षी कोचीत शिकले, सातवीतल्या मुलांच्या तुकडीत, आणि दोन महिन्यांत आलं. त्याच सुट्टीत जमलं तर तिला चार दिवस विशाखापट्टणमला घेऊन जा. सकाळच्या ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा आणि खडकांमध्ये पाणी अडून राहतं तिथे तिला एक भिंग देऊन बसवा.